पंचवीस चोक शंभर

मुजावर चाचणीची गाडी घेऊन
रोज सव्वासहाला भोसरीहून निघतो,
मोशी, चाकण, राजगुरुनगर, आणि परत.
आल्यावर वहीत लिहितो:
पडदा ठीक. नकाशा ठीक. मागचा कॅमेरा ठीक.
त्या दिवशी खाली आणखी एक ओळ,
पेन्सिलीने, म्हणजे वेळ आली तर खोडता यावी:
रेडिओला शंभरवर खरखर.

बैठकीत सगळे म्हणाले, अँटेना.
मीही म्हणाले.
अँटेना दुसऱ्या खात्याची असते.

सगळे गेल्यावर बोर्ड उघडून यंत्राला लावला.
हिरव्या गवतात एकच काठी उभी,
बरोब्बर शंभर मेगाहर्ट्झवर.
मी चिंचवडच्या नगरपालिकेच्या शाळेतली,
तिसापर्यंतचे पाढे झोपेतून उठवून विचारा,
आणि पडद्यामागचं घड्याळ मीच निवडलेलं,
पंचवीसचं.
पंचवीस एके पंचवीस,
पंचवीस दुणे पन्नास,
पंचवीस त्रिक पंच्याहत्तर,
इथे गुरवबाई डस्टर टेबलावर ठेवून
पुढचं आमच्याकडून ऐकायला थांबायच्या.

या घड्याळाला काटे नसतात.
तांदळाच्या दाण्याहून लहान डबीत
स्फटिकाचा एक काप,
वीज लागली की सेकंदाला अडीच कोटी वेळा थरथरतो
आणि त्या थरथरीवर पाऊल टाकत
चालतात पडद्यावरचे सगळे ठिपके.
त्याची चौपट हाक बाहेर सांडते,
हे त्याला ठाऊक नसतं.
मला ठाऊक असायला हवं होतं.

मग पुन्हा यादी.
एका बाजूला स्फटिक, स्वस्त, जुना, भरवशाचा,
पण उणे चाळीसला, थरथरत्या टेबलावर,
लोंढेने तीनदा मोजलं,
एकदा तो उशिरा जागा झाला.
दुसरीकडे सिलिकॉनचा, खड्ड्यांना न भिणारा,
आणि रिव्हर्स टाकल्यावर पडद्याने
उठायला किती वेळ घ्यावा, याचं उत्तर
मी नेहमी मीटरमध्ये काढते:
मागे कुणाचं मूल किती अंतरावर उभं आहे.

भेगडे मॅडम खरेदीतल्या. चष्मा कपाळावर.
"चार रुपये महाग. वर्षाला दोन लाख गाड्या.
गुणाकार तूच कर, तुझे पाढे चांगले आहेत म्हणे."
आठ लाख, मी म्हणाले.
"आणि माल यायला बावीस आठवडे.
तोवर लाइन काय आरती म्हणत बसेल?"

चिपच्या माहितीपुस्तकात, पान चारशे अकरा,
तळटीप, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सत्तावीसही चालेल.
सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी, रेडिओच्या अलीकडे.
सत्तावीस चोक एकशे आठ,
पार कुंपणावर, जिथे कुणी गात नाही.
भेगडे मॅडमनी कागद वाचला, चष्मा खाली घेतला.
"सत्तावीस नक्षत्रं, चार चरण, एकशे आठ.
पत्रिका जुळली. सही कुठे करू?"

सिलिकॉन फक्त कॅमेऱ्याच्या वाटेवर,
बाकी सगळीकडे स्फटिकच.
पूर्ण मनासारखं नाही झालं.
लोंढे अजून म्हणतो, थंडीत एकदा पुन्हा मोजू.
मोजू.

अकरा आठवड्यांनी मीच मुजावरशेजारी बसले.
मोशीचा टोलनाका, ट्रकांची रांग,
डॅशबोर्डवर हात टेकवत नव्हता इतका तापलेला.
त्याने शंभर लावलं.
खरखर नाही. श्वासही ऐकू येईल इतकं स्वच्छ.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो रस्त्याकडे,
आणि एक बाई अतिशय स्पष्ट आवाजात म्हणाली,
मोशीत दोन बेडरूमचे फ्लॅट,
शेवटचे काही शिल्लक.

मुजावरने रेडिओ बंद केला.
वहीत लिहिलं, यावेळी पेनाने:
ठीक.